सुभेदार रामजींची शिस्त

जाफराबाद तालुक्यातल्या वस्त्यांत पालकांशी बोलताना आम्ही सुभेदार रामजी सकपाळ यांचे चरित्र आवर्जून सांगतो.

रामजी मूळचे आंबडव्याचे, कबीरपंथी. लष्करी शाळेत 14 वर्षे मुख्याध्यापक होते. घरात शिस्त कडक. परळच्या चाळीतल्या एका खोलीत ते रात्री दोनपर्यंत स्वतः जागत, मग भीमरावांना अभ्यासाला उठवून झोपत. पुस्तकांसाठी पैसे नसले की लेकींचे दागिने गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून देत.

त्यांचे दुसरे लग्न भीमरावांना आवडले नाही. मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम करायचे, म्हणून त्यांनी आत्याच्या थैलीतले पैसे घ्यायचा प्रयत्न केला. चौथ्या रात्री थैली मिळाली, आत फक्त अर्धा आणा! त्या लाजेतून त्यांनी अभ्यासाचा निश्चय केला. ही चूक बाबासाहेबांनी पुढे स्वतःच सांगितली.

रामजी मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. केळुसकर गुरुजींनी दिलेले बुद्धचरित्र वाचल्यावर भीमरावांनी वडिलांना जाब विचारला. हे ग्रंथ आपल्याला का वाचायला लावता? राम, कृष्ण, द्रोण पटत नाहीत, हेही सांगितले. रामजी गप्प राहिले, पण हात उगारला नाही. 2 फेब्रुवारी 1913 ला ते गेले. त्यांचा मुलगा 1956 ला आपल्याला बुद्धाकडे घेऊन गेला.

आपल्या घरात मूल उलट प्रश्न विचारते तेव्हा काय होते? मार मिळाला, तर ते उद्यापासून खोटे बोलायला शिकते. कार्यकर्त्यांनी याची सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी.

जय भीम!