नृत्योपासिका मेनका

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ या नाटकाची नायिका मालविका ही आपल्या विदर्भाची राजकन्या. दैवयोगाने तिला विदिशेच्या राजवाड्यात आपले कूळ लपवून दासी म्हणून राहावे लागते. तेथे ती गणदास नावाच्या नाट्याचार्यांपाशी नृत्य शिकते आणि प्रत्यक्ष राजाराणीसमोर तिच्या नृत्याची परीक्षा होते. पुढे ती राजकन्या असल्याचे उघडकीस येते, तेव्हा ती नाचली म्हणून तिच्या कुळाला कमीपणा आला, असे कोणीही म्हणत नाही. नृत्य ही राजकन्येलाही शोभणारी विद्या आहे, असेच त्या काळी लोक मानीत असले पाहिजेत.

परंतु शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात ही स्थिती पार पालटलेली होती. उत्तर हिंदुस्थानातील कथक नृत्याचेच उदाहरण घ्या. कथा सांगणारा तो कथक. शब्दांबरोबर हावभाव, पदन्यास आणि ताल यांच्या साहाय्याने कथा रंगविण्याची ही कला पुढे राजेरजवाड्यांच्या आश्रयाने वाढली. लखनौच्या दरबारात तर तिला मोठे वैभव प्राप्त झाले. परंतु इ. स. १८५६ मध्ये इंग्रजांनी अयोध्येचे राज्य खालसा केले आणि कलेचा तो आधार तुटला. त्यानंतर काही गुरुघराण्यांनी आणि गणिका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रियांनी ही विद्या जिवापाड जपली. त्यांच्या कलेवर लोक लुब्ध होत. पण त्या स्त्रियांना मात्र समाजाने कधी मान दिला नाही. उलट, त्यांच्याविषयीचा तिरस्कार लोकांनी त्यांच्या कलेवरही लादला. घरंदाज मुलीने पायांत घुंगरू बांधणे म्हणजे कुळाला बट्टा, अशी समजूत दृढ झाली. स्त्रियांच्या भूमिकाही बहुधा पुरुषच करीत. शहरांतील संगीत नाटकांपासून झाडीपट्टीतील दंडारीपर्यंत सर्वत्र हाच रिवाज होता.

अशा काळात एका सुशिक्षित स्त्रीने घुंगरू बांधले आणि नृत्याला त्याचा गेलेला मान पुन्हा मिळवून देण्यासाठी आपले आयुष्य वेचले. तिचे नाव लीला सोखे. जग तिला मेनका या नावाने ओळखते.

मेनकाबाईंचा जन्म इ. स. १८९९ मध्ये पूर्व बंगालमधील बारिसाल येथे झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. त्यांचे माहेरचे नाव लीला रॉय. घरची स्थिती चांगली होती. शिक्षणासाठी त्या इंग्लंडात राहिल्या आणि तेथे व्हायोलिन वाजविण्यात त्यांनी प्रावीण्य मिळविले. पुढे साहिबसिंग सोखे या लष्करी डॉक्टरांशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. डॉक्टर सोखे हे मोठे शास्त्रज्ञ होते. मुंबईतील परळच्या सुप्रसिद्ध हाफकिन संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक झाले. पतीने विज्ञानाची सेवा करावी आणि पत्नीने कलेची, असा त्या घराचा क्रम होता.

त्या सुमारास ॲना पावलोव्हा ही जगद्विख्यात रशियन नर्तकी हिंदुस्थानात येऊन गेली. तिच्या प्रोत्साहनामुळे आपल्याच देशाच्या नृत्याकडे वळण्याचा मेनकाबाईंचा विचार पक्का झाला. पण शिकावे कोठे? मुलींना शास्त्रोक्त नृत्य शिकविणाऱ्या शाळा जवळजवळ नव्हत्याच. शिवाय मेनकाबाईंनी तेव्हा विशी ओलांडली होती. लहानपणी अंग जसे सहज वळते, तसे मोठेपणी वळत नाही. तरीही त्या डगमगल्या नाहीत. पंडित सीतारामप्रसाद यांना त्यांनी गुरू केले. पुढे लखनौ घराण्याचे थोर आचार्य अच्छन महाराज आणि लच्छू महाराज यांचेही मार्गदर्शन त्यांनी घेतले. कथकाचे शिक्षण तत्कारापासून सुरू होते. तबल्याच्या ठेक्यावर उघड्या पायांनी जमिनीवर आघात करावयाचे, प्रथम संथ आणि मग द्रुत लयीत. मग तोडे येतात, गिरक्या येतात. समेवर पाऊल नेमके पडावे लागते. चेहऱ्यावरील भाव मात्र शांत आणि सुंदरच दिसला पाहिजे. या साधनेत वर्षामागून वर्षे जातात. मेनकाबाईंनी ती आनंदाने दिली.

इ. स. १९३० पूर्वीच त्या मुंबईच्या रंगमंचावर उभ्या राहिल्या. रंगमंचासाठी त्यांनी मेनका हे स्वर्गातील अप्सरेचे नाव धारण केले. प्रतिष्ठित घरातील स्त्री सर्वांसमक्ष नाचते, हे अनेकांना रुचले नाही. परंतु ज्यांनी ते नृत्य पाहिले, त्यांपैकी अनेकांच्या मनातील किल्मिष दूर झाले.

तोपर्यंत कथक हे मुख्यत्वे एकट्याने करावयाचे नृत्य होते. मेनकाबाईंनी अनेक नर्तक-नर्तकींना एकत्र आणून त्यातून नृत्यनाटिका रचल्या. कृष्णाच्या लीला आणि पुराणांतील कथा त्यांत गुंफल्या. वेषभूषेकडे आणि साथीच्या संगीताकडे त्यांनी बारकाईने लक्ष दिले. इ. स. १९३६ ते १९३८ या काळात त्यांनी आपल्या संचासह युरोपातील अनेक देशांत शेकडो प्रयोग केले. इ. स. १९३६ मध्ये बर्लिन येथे ऑलिंपिक क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धाही भरली होती. तेथे त्यांच्या संचाचा गौरव झाला. ज्या कलेची घरच्यांना लाज वाटत होती, तिच्यापुढे परक्या देशांतील रसिकांनी मान तुकविली.

स्वदेशी परतल्यावर इ. स. १९३९ मध्ये त्यांनी ‘मालविकाग्निमित्र’ ही नृत्यनाटिका रंगभूमीवर आणली. विदर्भाच्या त्या राजकन्येची नृत्यपरीक्षा पुन्हा एकदा भर सभेत झाली. या वेळी परीक्षा केवळ मालविकेची नव्हती. ती पाहणाऱ्या समाजाचीही होती.

परंतु प्रयोग संपला की टाळ्यांचा आवाज विरून जातो. विद्या टिकते ती शिष्यांच्या अंगी. हे ओळखून मेनकाबाईंनी बोरघाटाच्या माथ्यावरील खंडाळा येथे ‘नृत्यालयम्’ ही संस्था स्थापन केली. गर्द झाडीत आणि पावसाळ्यातील दाट धुक्यात तेथे घुंगरांचा नाद घुमू लागला. कथकाबरोबरच केरळातील कथकली आणि मणिपूरचे नृत्य शिकविण्यासाठी त्यांनी त्या त्या परंपरेचे गुरू खंडाळ्यास आणले. ज्या विद्या पूर्वी बहुधा आपापल्या प्रांतातच राहत, त्या एका छपराखाली नांदू लागल्या. मुलींना नृत्य शिकावयास पाठविण्याचे धैर्य काही आईबापांना आले. शिरीन वजिफदार ही पारशी घराण्यातील मुलगी तेथेच शिकली व पुढे स्वतः नामवंत नृत्यशिक्षिका झाली.

मेनकाबाईंच्या शिष्यांत दमयंती जोशी ही मराठी मुलगी विशेष प्रसिद्धीस आली. ती अगदी लहान असतानाच तिचे गुण मेनकाबाईंनी हेरले आणि तिला आपल्या छत्राखाली घेतले. युरोपच्या दौऱ्यात दहा वर्षांची होण्यापूर्वीच ती त्यांच्याबरोबर हिंडली आणि नाचली. आपल्या मुलीला द्यावे, त्या मायेने मेनकाबाईंनी तिला आपली विद्या दिली.

दुर्दैवाने प्रकृतीने मेनकाबाईंना साथ दिली नाही. दीर्घ आजाराने त्या खचत गेल्या आणि इ. स. १९४७ च्या मे महिन्यात, स्वातंत्र्य अवघ्या काही आठवड्यांवर आले असता, त्यांचे निधन झाले. त्यांचे वय पन्नासही झाले नव्हते. खंडाळ्याची घुंगरे थांबली.

पण विद्या थांबली नाही. दमयंती जोशी यांनी गुरुगृही घेतलेले धडे पुढे वाढविले, देशोदेशी कथकाचे प्रयोग केले आणि इ. स. १९७० मध्ये त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. ज्या वर्षी मेनकाबाई गेल्या, त्याच वर्षी पुण्यात रोहिणी भाटे या तरुणीने ‘नृत्यभारती’ ही संस्था सुरू केली. मेनकाबाईंना शिकविणारे लच्छू महाराज पुढे रोहिणीताईंचेही गुरू झाले. रोहिणीताईंच्या हाताखाली पुढील साठ वर्षे महाराष्ट्रातील कित्येक मुली कथक शिकल्या.

आज शाळेच्या संमेलनात एखादी मुलगी पायांत घुंगरू बांधून निःशंकपणे रंगमंचावर येते. आईबाप पुढच्या रांगेत बसून कौतुकाने पाहतात. ही साधी वाटणारी गोष्ट एके काळी साधी नव्हती. ज्यांची नावेही इतिहासाने राखली नाहीत, अशा अनेक स्त्रियांनी उपेक्षा सोसून ही कला जिवंत ठेवली. मेनकाबाईंनी तिला शाळेचे दार उघडून दिले. त्या दारातून आत जाणाऱ्या प्रत्येक मुलीवर या सर्वांचे ऋण आहे.