मांडवीतील गाठ ओळखणारे डॉ. अकासियो व्हिएगस

मुंबई-गोवा महामार्गावर हातखंबा येथे रत्नागिरी शहराकडे जाणारा फाटा फुटतो, आणि मूळ रस्ता पाली, लांजा, राजापूर करीत गोव्याकडे निघून जातो. गणपतीला, नाताळला, शिमग्याला मुंबईचे चाकरमानी ह्याच तिठ्यावरून आपापल्या गावी जातात. २०२० साली ह्या रस्त्याने येणाऱ्या आपल्याच माणसांना गावच्या शाळेत किंवा घराच्या पडवीत चौदा दिवस वेगळे राहावे लागले, हे आपण कोणी विसरलेलो नाही. मुंबईहून माणूस आला की त्याच्यासोबत काय आले असेल, ही भीती मात्र कोकणाला नवी नव्हती. सव्वाशे वर्षांपूर्वी, १८९६-९७ च्या हिवाळ्यात, ती ह्याच जिल्ह्यात पोहोचली होती. तेव्हा हा महामार्ग नव्हता; माणसे आगबोटीने, पडावाने आणि पायी आली. मुंबईच्या गिरण्यांत राबणारे हजारो कामगार रत्नागिरी जिल्ह्यातले होते आणि मुंबईतून जीव घेऊन पळालेल्यांमध्ये तेही होते.

ती साथ प्लेगची होती. प्लेग म्हटले की आपल्याला पुणे आठवते, रँड आठवतो, चापेकर बंधू आठवतात. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी देह ठेवणाऱ्या सावित्रीबाई फुले आठवतात, आणि त्या आठवल्याच पाहिजेत. परंतु हा रोग मुंबईत शिरला आहे हे ज्यांनी सर्वप्रथम ओळखले आणि उघडपणे सांगितले, ते एक गोवेकर कॅथोलिक डॉक्टर होते, हे आपल्या धर्मग्रामांतही फारसे कोणाला ठाऊक नसते. आम्हांला ही उणीव खटकते, म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत.

अकासियो गाब्रिएल व्हिएगस ह्यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजी गोव्यातील बार्देश तालुक्यात हडफडे गावी झाला. शिक्षणासाठी ते मुंबईस आले. १८७४ साली ते सेंट झेवियर्समधून मॅट्रिक झाले. त्यानंतर त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला आणि १८८० साली वैद्यकाची पदवी सन्मानाने मिळविली. पुढे १८८८ मध्ये ते मुंबई महानगरपालिकेवर निवडून गेले. दवाखाना त्यांनी मांडवीत थाटला, आणि पुढील सारा इतिहास त्या जागेमुळे घडला.

मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. तांदूळ, गहू, कडधान्ये ह्यांची पोती रचलेली, गटारे तुंबलेली, एकेका चाळीत शेकडो माणसे कोंबलेली. अशा ठिकाणी उंदीर-घुशींना काय कमी? १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगने थैमान घातले होते, आणि तेथून तो बहुधा जहाजातील उंदरांबरोबरच मुंबईच्या गोदीत उतरला.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. व्हिएगस ह्यांच्याकडे मांडवीतून काही रुग्ण येऊ लागले. पावसाळ्यात ताप नवा नव्हता. मलेरिया होता, विषमज्वर होता. परंतु ह्या रुग्णांना एकाएकी जबर ताप भरे, शुद्ध हरपे, आणि जांघेत किंवा काखेत अंड्याएवढी, हात लावू न देणारी गाठ येई. थोड्याच दिवसांत रुग्ण दगावे. डॉक्टरांनी त्या गाठीवरून रोग ओळखला. मुंबईतील त्यांच्या पिढीच्या डॉक्टरांनी हा रोग केवळ पुस्तकांत वाचलेला होता. प्रत्यक्ष पाहिलेला कोणी नव्हता. म्हणून त्यांच्या ओळखीचे मोल आम्ही अधिक मानतो.

गाठ का येते? आपल्याकडे पायाला काटा लागून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हे खेड्यातली कोणतीही आजी सांगेल. शरीरात रक्तवाहिन्यांप्रमाणेच लसिका नावाचा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नाजूक वाहिन्या असतात आणि त्यांच्या वाटेवर जांघ, काख, मान अशा ठिकाणी लसिका-ग्रंथी असतात. ह्या ग्रंथी म्हणजे शरीराची नाकीच होत. जखमेतून आत शिरलेला जंतू लसिकेबरोबर वाहत ह्या नाक्यावर येतो आणि तेथे संरक्षक पेशी त्याला अडवतात. झुंज जुंपली की ग्रंथी सुजते. साधे अवधाण काही दिवसांत ओसरते. प्लेगची गाठ म्हणजे तेच अवधाण होय, फक्त तेथे बाजू जंतूची वरचढ झालेली असते.

ती वरचढ कशी होते, हे त्या काळी कोणास ठाऊक नव्हते. आज ते बरेचसे समजले आहे. प्लेगचा जंतू उंदराच्या अंगावरील पिसवेच्या पोटात वाढतो आणि तिच्या अन्नमार्गात गच्च बसतो. भुकेली पिसू चावते, पण रक्त आत जात नाही, उलट ओकारीबरोबर जंतू चाव्याच्या जागी उतरतात. पिसवा बहुधा पायांना चावतात, म्हणून गाठ बहुधा जांघेत येते. पिसवेचे शरीर थंड असते. तेथून जंतू माणसाच्या ३७ अंश उष्णतेत आला की आपले रूप पालटू लागतो. शरीरातील भक्षक पेशी त्याला गिळतात आणि पुष्कळसे जंतू मरतातही. परंतु एका जातीच्या भक्षक पेशीत काही जंतू जिवंत उरतात. तेथे ते स्वतःभोवती बुळबुळीत वेष्टन तयार करतात आणि मग त्या पेशीतूनच बाहेर पडतात. आता दुसऱ्या भक्षक पेशींना त्यांना धरता येत नाही. एवढ्यावर न थांबता जंतू सुईसारख्या अवयवाने त्या पेशींत अशी द्रव्ये टोचतात की त्यांची गिळण्याची शक्तीच लुळी पडते आणि इतर पेशींना इशारा देण्याचे त्यांचे काम थांबते. नाक्यावरचा पहारेकरीच बांधून टाकल्यावर वाट मोकळी होते. जंतू रक्तात उतरतात. फुप्फुसांत पोहोचले तर खोकल्याच्या तुषारांतून थेट माणसाकडून माणसाकडे जातात. संसर्गापासून ताप येईपर्यंत दोन ते आठ दिवस, आणि त्यापुढे उपचाराविना बहुतेकांना मृत्यू, असा हा हिशेब आहे.

शरीर आपल्या बाजूने प्रतिपिंडे तयार करीत असते. ही प्रतिपिंडे जंतूच्या वेष्टनाला चिकटली की भक्षक पेशींना पुन्हा पकड मिळते. पण नव्या शत्रूची प्रतिपिंडे घडवायला आठवडा-दीड आठवडा लागतो, आणि प्लेगचा जंतू तेवढी सवड देत नाही. जे थोडे रुग्ण तेवढे दिवस तग धरीत, त्यांच्या गाठी पिकून फुटत आणि ते वाचत.

डॉ. व्हिएगस ह्यांनी २३ सप्टेंबर १८९६ रोजी आपले निदान महानगरपालिकेच्या स्थायी समितीपुढे मांडले. ते ऐकणे कोणास परवडणार होते? मुंबईत प्लेग आहे असे जगाला कळले म्हणजे परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना दारे बंद करणार, कापूस आणि धान्याचा व्यापार बुडणार. अधिकाऱ्यांनी प्रथम ह्या तापाला नाव देणेच टाळले. डॉक्टर आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. ऑक्टोबरात सरकारच्या पाचारणावरून मुंबईस आलेले जंतुशास्त्रज्ञ वॉल्देमार हाफकिन ह्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली जंतू पाहून निदानावर शिक्कामोर्तब केले. जंतूचा शोध नुकताच, दोनच वर्षांपूर्वी, हाँगकाँगमध्ये येर्सिन आणि कितासातो ह्यांनी लावला होता.

पुढील कहाणी सर्वस्वी उजळ नाही. रुग्णांना सक्तीने रुग्णालयात नेणे, घरांची झडती, सामानाची जाळपोळ ह्यांमुळे लोक रोगाहून सरकारला अधिक भ्याले. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ पर्यंत आठ लाखांवर वस्तीच्या ह्या शहरातील सुमारे निम्मी माणसे निघून गेली होती. त्याच महिन्यात साथरोग कायदा झाला. २०२० साली सरकारने हाच कायदा पुन्हा उपयोगात आणला.

भाविकांनी ह्या काळात दोन्ही गोष्टी केल्या, औषध घेतले आणि क्रूसही उभारले. गिरगाव, माझगाव, वांद्रे येथील जुन्या ख्रिस्ती वाड्यांच्या तोंडाशी आज दिसणाऱ्या क्रुसांपैकी कित्येक प्लेगच्या वर्षांत नवसाने उभारलेले आहेत. त्यांच्याजवळून जाताना त्यांवर कोरलेले साल अवश्य वाचावे.

डॉ. व्हिएगस ह्यांनी वस्त्या स्वच्छ करण्याची आणि उंदीर नष्ट करण्याची मोहीम जोमाने चालविली. येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. पिसू हीच रोगवाहक आहे हे पॉल-लुई सिमॉ ह्यांनी कराचीत १८९८ साली प्रयोगाने दाखविले, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. उंदीर मेला की त्याच्या अंगावरील पिसवा त्याला सोडून जवळच्या माणसाकडे वळतात. साथ ऐन भरात असताना नुसते उंदीर मारणे म्हणूनच धोक्याचे ठरू शकते. उंदीर पडू लागले की गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहायचे, ही महाराष्ट्रातील अनेक गावांनी पुढे अंगीकारलेली रीत शास्त्राच्या अधिक जवळ होती. डॉक्टरांची दिशा बरोबर होती, मधला दुवा मात्र तेव्हा कोणालाच सापडलेला नव्हता.

हाफकिन ह्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा प्रयोगशाळेत तीन महिने खपून लस तयार केली. मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब सोडून त्यांत जंतू वाढवायचे आणि मग उष्णतेने ते मारून टाकायचे, अशी ती पद्धत होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. भक्षक पेशींचा शोध लावणारे मेचनिकॉफ हे ओडेसात हाफकिन ह्यांचे गुरू होते. मेलेला जंतू शरीरात जाऊन रोग देऊ शकत नाही, पण त्याच्या अंगावरील खुणा शरीराला ओळखू येतात, प्रतिपिंडे आधीच घडविली जातात आणि काही पेशी ती ओळख जपून ठेवतात. पुढे खरा जंतू आला की आठवडाभर वाट पाहावी लागत नाही. त्या लशीने ताप येई, हात दुखे, संरक्षण पूर्ण नसे आणि ते काही महिनेच टिके. तरीही टोचलेल्यांत मृत्यू पुष्कळ कमी झाले.

प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली, आणि तीच आजची हाफकिन संस्था. ही वास्तू मुळात जेझुइटांच्या मठाची होती, हे आपल्या वाचकांना विशेष वाटेल.

लस तयार झाली तरी लोकांनी दंड पुढे करायला हवा होता. नाना अफवा उठल्या होत्या. येथे मांडवीचा हा ओळखीचा डॉक्टर पुन्हा उपयोगी पडला. त्यांच्या हस्ते सुमारे १८,००० जणांना लस टोचण्यात आली. ही संख्या वाचताना आम्ही थोडे थांबलो. प्रत्येकाला घाबरू नकोस असे सांगायचे, त्याची शंका ऐकायची, आणि मग सुई उचलायची. झडतीसाठी दारात आलेल्या शिपायाला हे साधले नसते.

१९०६ साली डॉ. व्हिएगस मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले. ह्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय ख्रिस्ती होते. प्लेग मात्र मुंबईतून सहजासहजी गेला नाही. देशभरात त्याने एक कोटीहून अधिक बळी घेतले. रोग बरा करणारे पहिले खरे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४० च्या दशकात आले. आज वेळीच प्रतिजैविके दिली तर बहुतेक रुग्ण वाचतात. १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत हा रोग पुन्हा दिसला, तेव्हाही पहिला प्रश्न तोच होता: ह्या गाठीला नाव काय द्यायचे आणि ते कोणी द्यायचे?

ते औषध पाहण्यास डॉक्टर राहिले नाहीत. १९३३ साली त्यांचे निधन झाले. धोबी तलावाजवळ मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा उभारण्यात आला. काळबादेवीजवळच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत, कावेल येथे, एका गल्लीला डॉ. व्हिएगस स्ट्रीट असे नाव आहे. हातखंब्यावरून मुंबईस जाणाऱ्या आमच्या वाचकांपैकी कोणी त्या बाजूस गेले, तर ती पाटी शोधावी.