नेल्सनचा डावा हात

कडबाकुट्टीत किंवा रसवंतीच्या चरकात उजवा हात गमावलेला रुग्ण आमच्या वॉर्डात येतो. जखम सुकू लागली की त्याला पहिली काळजी बहुधा कामाची नसते, जेवणाची असते. आपल्याकडे डाव्या हाताची कामं वेगळी. त्याने घास घ्यायचा हे कुणालाच पटत नाही. मग आई नाहीतर बायको भरवू लागते आणि महिनोन् महिने भरवतच राहते. अशा वेळी मला इंग्लंडचा दर्यासारंग होरेशियो नेल्सन आठवतो.

नेल्सन १७५८ मध्ये नॉरफोकमधल्या एका खेड्यात, धर्मोपदेशकाच्या घरी जन्मला. तो नऊ वर्षांचा असताना आई गेली, बाराव्या वर्षी तो आरमारात शिरला. प्रकृती तोळामासा. ऐन तारुण्यात त्याचं जहाज आपल्या मुंबईलाही आलं होतं. पण इकडच्या समुद्रावर असतानाच त्याला तापाने, बहुधा हिवतापाने, असं गाठलं की १७७६ मध्ये मरणासन्न अवस्थेत मायदेशी धाडावं लागलं. पुढे १७९४ मध्ये कोर्सिका बेटावरच्या लढाईत उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली.

जुलै १७९७ मध्ये टेनेरीफ बेटावरच्या सांताक्रूझवर त्याने रात्रीचा हल्ला केला, आणि बंदुकीच्या गोळीने उजवा हात कोपराच्या वर चिंधड्या झाला. सावत्र मुलगा जोसाया शेजारीच होता. त्याने गळ्यातल्या रुमालांनी दंड आवळून रक्तस्राव थांबवला. ते रुमाल नसते तर पुढचं काहीच घडलं नसतं. होडीतून जहाजावर चढताना नेल्सनने मदत नाकारली आणि एका हाताने दोर धरून तो वर गेला. भूल देण्याचं तंत्र यायला अजून जवळपास पन्नास वर्षं होती. शुद्धीत असतानाच हात कापला. सुरीच्या थंडगार स्पर्शाची त्याने तक्रार केली, आणि पुढे आपल्या जहाजांवर शस्त्रक्रियेआधी हत्यारं कोमट करायला सांगितलं.

आता माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. दोन-तीन दिवसांतच, २७ जुलैला, त्याने वरिष्ठांना डाव्या हाताने पत्र लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आणि मजकूर निराशेचा: आपण आता कुणाच्या कामाचे नाही, असा. पण ते लिहिलं त्यानेच.

आयुष्यभर उजव्या हाताने लिहिलेल्या, अडतीस वर्षांच्या माणसाला हे जमलं कसं? कारण अक्षर हातात नसतं, मेंदूत असतं. ओल्या वाळूत पायाच्या अंगठ्याने आपलं नाव लिहून पाहा. ओबडधोबड, पण तुमच्याच वळणाचं येईल. अक्षराचा आराखडा मेंदूत तयार असतो. डाव्या हातापाशी नसतो तो बारीक स्नायूंचा सराव. माणसांपैकी सुमारे नव्वद टक्के उजवे, म्हणजे बहुतेकांचा डावा हात भांडं धरण्यापलीकडे फारसं शिकलेलाच नसतो. काम पडलं की तो शिकतो. नेल्सनची पुढच्या वर्षांतली पत्रं पाहिली तर अक्षर सफाईदार होत गेलेलं दिसतं.

दुखणं मात्र सरळ गेलं नाही. रक्तवाहिनी बांधलेला एक दोरा जखमेत अडकून राहिला. पू, ठणका, झोपेसाठी रोज अफूचा अर्क. पत्नी फॅनी स्वतः पट्ट्या बदलायला शिकली. डिसेंबरच्या सुरुवातीला दोरा आपोआप सुटून आला आणि जखम भरली. तरीही नसलेल्या हाताची बोटं त्याला जाणवत. त्याने यातून आत्म्याच्या अस्तित्वाचा पुरावा काढला. आम्ही त्याला आभासी अवयव म्हणतो: हात जातो, पण मेंदूतली त्याची जागा जात नाही. रुग्ण हे सांगायला लाजतात, लोक वेड्यात काढतील म्हणून. सांगावं, त्यावर औषधं आहेत, आरशासमोर करायचे व्यायाम आहेत.

१ ऑगस्ट १७९८ ला, हात जाऊन जेमतेम वर्ष झालं असताना, त्याने नाईल नदीच्या मुखाशी फ्रेंच आरमाराचा धुव्वा उडवला. जेवायला सुरी आणि काटा एकत्र असलेलं एक साधन त्याच्याकडे होतं. २१ ऑक्टोबर १८०५ ला ट्रफाल्गारच्या लढाईत तो पडला. गोळी डाव्या खांद्यातून शिरून कण्यात रुतली होती. लढाई तोंडावर आली असतानाही तो लिहीत होता, त्याच डाव्या हाताने.

आमच्याकडे आता प्रकृती स्थिर झाली की टाके निघायच्या आधीच डाव्या हातात चमचा देतो, मग पेन्सिल. वरण सांडतं, चादर खराब होते, आईला बघवत नाही. तिला मी अर्धा तास बाहेर बसायला सांगतो. पुढे त्या एकट्या हाताचीही निगा लागते, कारण दोघांचं काम एकाने केलं की मनगट, खांदा, मान दुखू लागते. म्हणून फिजिओथेरपी घरी गेल्यावरही सोडायची नाही. आणि डाव्या हाताने जेवण्याबद्दल विचाराल, तर साबणाने धुतलेला हात कुठलाही असो, जेवायला चालतो.