कर्नल विल्यम लॅम्बटन : भारतभूमीचे मापन करणारा तपस्वी

शाळेत भूगोलाचा पहिला पाठ बहुधा नकाशापासून सुरू होतो. शिक्षक भिंतीवर नकाशा टांगतात व मुले त्यावर आपले गाव शोधतात. परंतु ते गाव नेमक्या त्याच बिंदूवर का दाखविले आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आपल्या देशापुरते या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ज्यांनी आयुष्याची २३ वर्षे वेचली, ते कर्नल विल्यम लॅम्बटन होत. त्यांच्या कार्याचा आरंभ बंगळूरच्या माळावर झाला आणि शेवट विदर्भातील हिंगणघाट येथे.

इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात १७५३ च्या सुमारास एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गणितातील बुद्धिमत्तेमुळे त्यांना नॉर्थॲलर्टनच्या शाळेत शिकता आले. पुढे ते सैन्यात शिरले. अमेरिकेतील युद्धात १७८१ मध्ये यॉर्कटाऊन येथे ब्रिटिश सैन्य शरण गेले, तेव्हा तेही युद्धकैदी झाले. सुटकेनंतरची अनेक वर्षे त्यांनी कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात घालविली. तेथे मोजणीचे काम करीत असता सूर्यग्रहणाचे निरीक्षण करताना त्यांचा एक डोळा अधू झाला. पुढे ज्याला दुर्बिणीतूनच जग मोजावयाचे होते, त्याला उरलेल्या एका डोळ्यावर हे सारे कार्य पार पाडावे लागले.

आपल्या पलटणीबरोबर ते हिंदुस्थानात आले. १७९९ मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत एका रात्री सैन्याची तुकडी चुकीच्या दिशेने, थेट शत्रूच्या छावणीकडे चालली होती. ताऱ्यांकडे पाहून लॅम्बटन यांनी ती चूक ओळखली व सेनापतींना सावध केले. युद्ध संपताच त्यांनी मद्रास सरकारपुढे एक योजना मांडली. द्वीपकल्पाचे पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणमितीच्या साहाय्याने मापन करावे, अशी ती योजना होती. खर्चाची काळजी वाहणाऱ्या एका अधिकाऱ्याला हा उद्योग निरर्थक वाटला. श्रीरंगपट्टणास जावयाचे असेल तर पालखीच्या भोयांना तसे सांगितले की पुरे, असे त्याचे मत होते. तथापि योजनेला मंजुरी मिळाली आणि १८०० च्या अखेरीस बंगळूरजवळ सुमारे साडेसात मैल लांबीची पहिली आधाररेषा मोजण्यात आली.

या रेषेचे महत्त्व मुलांनाही सहज समजेल. त्रिकोणाची एक बाजू व तिच्या दोन टोकांचे कोन ठाऊक असले, तर उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात. मग त्या बाजूंवर नवे त्रिकोण उभारता येतात. अशा रीतीने डोंगरमाथे, गोपुरे व बुरूज यांना जोडीत त्रिकोणांची साखळी देशभर नेता येते. मात्र मूळ रेषेत चूक झाली तर ती शेवटपर्यंत सोबत येते. म्हणून १०० फुटांची पोलादी साखळी तंबूच्या सावलीत, लाकडी पेट्यांत ठेवून मोजणी होई. उन्हाने पोलाद प्रसरण पावते, म्हणून सोबत तापमापकही ठेवीत.

कोन मोजण्याचे यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, सुमारे अर्ध्या टनाचे होते. इंग्लंडहून येताना ते फ्रेंचांच्या हाती पडले. परंतु मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नरांनी ते सन्मानपूर्वक मद्रासला पाठवून दिले. १८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ नवी आधाररेषा मोजून त्रिकोणांची मालिका पश्चिमेकडे सुरू झाली. १८०४ मध्ये ती बंगळूरला पोहोचली व तेथे पडताळ्यासाठी पुन्हा एक रेषा प्रत्यक्ष मोजण्यात आली. गणिताने काढलेली लांबी व साखळीने मोजलेली लांबी यांत फरक निघाला तो केवळ पावणेचार इंचांचा. पुढे किनाऱ्यापर्यंत पोहोचल्यावर मद्रासच्या अक्षांशावर द्वीपकल्पाची रुंदी ४०० मैल नसून ३६० मैल असल्याचे सिद्ध झाले. जुन्या नकाशांतील ४० मैल भूमी अस्तित्वातच नव्हती!

१८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढविताना दोर तुटून ते मौल्यवान यंत्र भिंतीवर आदळले व त्याचे वर्तुळ वाकले. लॅम्बटन यांनी कोणाला दोष न देता स्वतःला कोंडून घेतले आणि सहा आठवडे खपून ते स्वहस्ते दुरुस्त केले.

हे काम एकट्याचे नव्हते. मद्रासला १७९४ मध्ये मोजणीची शाळा निघाली होती व अनाथालयातील मुलांना तेथे हे शास्त्र शिकवीत. अशा तरुण साहाय्यकांवर लॅम्बटन यांची भिस्त होती. त्यांतील जोशुआ डी पेनिंग यांचे नाव विशेष प्रसिद्ध आहे. निशाण धरणारे व ओझी वाहणारे असंख्य देशी लोक मात्र अनामच राहिले. रानातील तापाने त्यांतील कित्येकांचे प्राण घेतले. या नकाशांनी परकीय सत्तेचे आसन बळकट केले, हेही विसरून चालणार नाही.

१८१८ मध्ये या कार्याला महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण हे नाव मिळाले व जॉर्ज एव्हरेस्ट मदतीस आले. हैदराबादहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी सुमारे सत्तर वर्षांच्या लॅम्बटन यांनी हिंगणघाट येथे देह ठेवला. त्यांची कबर तेथेच आहे. पुढे १८६५ मध्ये जगातील सर्वोच्च शिखराला एव्हरेस्ट यांचे नाव मिळाले. परंतु त्या शिखराची उंची ज्या साखळीच्या आधारे ठरली, तिची पहिली कडी लॅम्बटन यांनी घातली होती.

१९८४ मध्ये अमेरिकेतील भूगोलाच्या अध्यापकांनी या विषयाची पाच मूलसूत्रे ठरविली : स्थान, ठिकाणाचे स्वरूप, मानव व पर्यावरण यांचा संबंध, दळणवळण आणि प्रदेश. शिक्षक व पालकहो, ही पाचही या एका चरित्रात सापडतील. हिंगणघाटचे अक्षांश-रेखांश म्हणजे त्याचे स्थान. काळी जमीन व कापूस हे त्याचे स्वरूप. रानातील ताप व उन्हाने वाढणारी साखळी यांतून निसर्गाशी असलेला मानवाचा संबंध कळतो. हैदराबाद-नागपूर मार्ग हे दळणवळण, तर विदर्भ हा प्रदेश. मुलांना प्रथम या गावावर बोट ठेवावयास सांगावे, आणि मग ते बोट तेथेच का पडले, याची ही कथा सांगावी.