हिशेबाचा सेनानी : पॅट्रिक ब्लॅकेट

युद्ध म्हटले की सेनापती आठवतात. हिशेब मांडणारे सहसा आठवत नाहीत. पॅट्रिक ब्लॅकेट हे अशा हिशेब मांडणाऱ्यांचे अग्रणी. १८ नोव्हेंबर १८९७ रोजी लंडनमध्ये त्यांचा जन्म झाला. बालवयातच ते आरमारी विद्यालयात दाखल झाले आणि १९१६ च्या जटलंडच्या सागरी संग्रामात त्यांनी तोफांचा भडिमार प्रत्यक्ष अनुभवला. पुढे आरमार सोडून ते केंब्रिजला रुदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत रमले. त्यांच्या पदार्थविज्ञानातील कार्याला १९४८ साली नोबेल पारितोषिक लाभले.

दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४१ मध्ये, ते ब्रिटिश वायुदलाच्या कोस्टल कमांडमध्ये आले. जर्मन पाणबुड्यांवर विमानांतून टाकलेले बॉम्ब पाण्याखाली शंभर फुटांवर फुटत. परंतु विमानातून दिसलेली पाणबुडी त्या क्षणी पृष्ठभागाजवळच असे. ब्लॅकेट यांचे सहकारी ई. जे. विल्यम्स यांनी ही विसंगती हेरली. स्फोटाची खोली पंचवीस फुटांवर आणताच मारा इतका परिणामकारक झाला, की शत्रूने नवे प्रभावी स्फोटक शोधले असावे, असे पकडलेल्या जर्मन खलाशांना वाटले. वस्तुतः बदलला होता तो केवळ एक आकडा!

जानेवारी १९४२ पासून नौदल मुख्यालयात काम करताना त्यांच्या गटाने जहाजांच्या तांड्यांचा अभ्यास केला. तांडा मोठा तितका धोका मोठा, हा रूढ समज. प्रत्यक्षात तांड्याचे क्षेत्र दुप्पट झाले तरी त्याचा परीघ सुमारे दीडपटच वाढतो. राखणदार नौका तेवढ्या प्रमाणात थोड्या पुरतात. आकडेवारीतूनही मोठे तांडेच अधिक सुरक्षित ठरले. नौदलाला हे पटवण्यास मात्र १९४३ चा वसंत उजाडावा लागला.

एका हिशेबात मात्र ते हरले. जर्मन शहरांवरील बॉम्बफेकीने दीड वर्षाच्या आत त्या देशाची एकतृतीयांश प्रजा बेघर होईल, असे टिपण चर्चिल यांचे सल्लागार लॉर्ड चेरवेल यांनी मार्च १९४२ मध्ये मांडले. हा अंदाज सहापट फुगवलेला असल्याचे ब्लॅकेट यांनी दाखवून दिले. ती विमाने अटलांटिकमधील जहाजांच्या रक्षणाला द्यावीत, असा त्यांचा आग्रह होता. तो मानला गेला नाही. युद्धानंतरच्या पाहणीत मूळ अंदाज दहापट चुकलेला निघाला. सामान्य नागरिकांच्या घरांवर बॉम्ब टाकणे त्यांना नैतिकदृष्ट्याही सलत होते; पण सभेत त्यांनी पुढे केला तो हिशेब. कदाचित तेवढीच भाषा तेथे ऐकली जाण्याची शक्यता होती.

भारताशी त्यांचा संबंध १९४७ च्या जानेवारीत, दिल्लीच्या विज्ञान परिषदेच्या निमित्ताने जुळला. पंडित नेहरूंच्या विनंतीवरून त्यांनी १९४८ साली संरक्षणविषयक अहवाल दिला. गरीब राष्ट्राने महागड्या शस्त्रांच्या मागे न लागता आपल्या ऐपतीत बसणारे व आपल्याला सांभाळता येणारे लष्कर उभारावे, अण्वस्त्रांचा विचार बाजूस ठेवावा, असे त्यांचे मत होते. पुढील काळात भारताने यातील काही मानले, काही मानले नाही. ब्लॅकेट मात्र त्यानंतरही अनेकदा भारतात येत राहिले. १३ जुलै १९७४ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.