वाइनच्या दुखण्यांचा वैद्य

येवल्याहून नाशिककडे निघाले की थोड्याच वेळात विंचूर लागते. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, तेव्हा याच विंचूरला एमआयडीसीचा वाइन पार्क झाला. कांदा आणि पैठणीच्या या पट्ट्यात काबर्ने सॉव्हिन्यो, शिराझ, मर्लो ही नावे आता दुकानाच्या फळीवरही दिसतात आणि बागाईतदारांच्या बोलण्यातही येतात. वाइनरीतल्या टेस्टिंगच्या टेबलाशी माणसे ग्लासात दोन बोटे लाल वाइन घेतात, ग्लास गोल फिरवून नाकाशी नेतात, घोट तोंडात घोळवतात. वाइन चांगली की बिघडलेली हे ठरवायला शेकडो वर्षे नाक आणि जीभ एवढीच साधने होती. त्यांच्या जोडीला सूक्ष्मदर्शक आणून बसवला तो लुई पाश्चरने.

पाश्चर म्हटले की आपल्याला कुत्रा चावल्यावरची लस आठवते, नाहीतर दुधाच्या पिशवीवरचा ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द. पण ज्या कामातून तो शब्द जन्मला ते काम दुधावरचे नव्हते, वाइनवरचे होते. माणसाच्या रोगांकडे तो वळला तोही बऱ्याच अंशी वाइनच्या रोगांवरून.

पाश्चरचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधल्या दोल या गावी झाला. वडील चामडे कमावणारे, त्याआधी पहिल्या नेपोलियनच्या सैन्यात सार्जंट. लुई लहान असतानाच कुटुंब ज्यूरा डोंगराच्या पायथ्याशी आर्ब्वा या गावी आले. चहूबाजूंनी द्राक्षमळे, घरोघरी तळघरात पिंपे. पुलसार आणि त्रूसो या तिथल्या लाल वाइनच्या जाती. मुलगा अभ्यासात चमकणारा नव्हता. त्याचा हात चित्रकलेत चांगला होता, आईवडिलांची त्याने केलेली पेस्टल चित्रे आजही जपलेली आहेत. पदवीपूर्व परीक्षेत रसायनशास्त्रात त्याला जेमतेम शेरा मिळाला होता, ही गोष्ट फ्रान्समधले शिक्षक अजून मुलांना सांगत असतील तर नवल नाही.

पहिला मोठा शोधही वाइनच्या पिंपातूनच आला. वाइन मुरत असताना पिंपाच्या आतल्या बाजूला दगडासारखा कडक थर जमतो. त्यातून टार्टरिक आम्ल काढतात. आपल्या चिंचेला आंबटपणा देणारे आम्ल तेच. त्याचाच एक भाऊबंद कारखान्यात सापडला होता. रासायनिक घटक तंतोतंत तेच, पण पहिले आम्ल प्रकाशाचे प्रतल वळवायचे आणि दुसरे वळवायचे नाही. १८४८ मध्ये पंचवीस वर्षांच्या पाश्चरने या दुसऱ्याच्या क्षाराचे स्फटिक बारकाईने पाहिले. त्यांत दोन प्रकार होते, उजव्या आणि डाव्या हातासारखे एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब. त्याने ते एकेक करून वेगळे केले. एक ढीग प्रकाश उजवीकडे वळवू लागला, दुसरा डावीकडे. वृद्ध शास्त्रज्ञ बियो यांचा विश्वास बसेना. त्यांनी सगळा प्रयोग आपल्या डोळ्यांसमोर पुन्हा करायला लावला. आजच्या औषधशास्त्राला डाव्या-उजव्या रेणूंचा विचार पदोपदी करावा लागतो, त्याची सुरुवात इथली.

पुढे स्ट्रासबूरला नोकरी, तिथेच १८४९ मध्ये मारी लोराँशी विवाह, आणि १८५४ मध्ये लील शहरात विज्ञान विभागाचे प्रमुखपद. लीलमध्ये बिटापासून अल्कोहोल करणाऱ्या एका कारखानदाराचे पीप वारंवार नासत होते. त्याने १८५६ मध्ये पाश्चरला गाठले. चांगल्या पिंपातल्या थेंबात गोलसर यीस्ट दिसले, नासलेल्या पिंपात काठीसारखे बारीक जीव. आंबणे म्हणजे मेलेल्या पदार्थाचे कुजणे, असे त्या काळचे बडे रसायनशास्त्रज्ञ मानत. पाश्चरने उलट मांडले: आंबणे ही जिवंत पेशींची करणी आहे, आणि पेशी बदलली की पदार्थ बदलतो. साखरेची दारू करणारा जीव वेगळा, दूध आंबवणारा वेगळा, वाइनचा शिरका करणारा वेगळा.

हे वादाचे प्रकरण वादच राहिले असते, पण मध्ये व्यापार आला. १८६० मध्ये फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये करार होऊन जकाती उतरल्या आणि फ्रेंच वाइनला परदेशी बाजार मोकळा झाला. मात्र प्रवासात आणि साठवणीत माल बिघडत होता. कुठली वाइन आंबट होई, कुठली कडू, कुठली तेलासारखी बुळबुळीत, कुठली गढूळ आणि बेचव. १८६३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने पाश्चरला यात लक्ष घालायला सांगितले.

पाश्चर गावी परतला. १८६४ च्या सुगीत त्याने शिष्यांना घेऊन आर्ब्वामध्ये एका जुन्या कॅफेच्या जागेत प्रयोगशाळा मांडली. उपकरणे गावातल्या कारागिरांकडून करून घेतलेली. बाहेरची जुनी पाटी तशीच असल्याने एखादा वाटसरू खायला-प्यायला मागत आत शिरे आणि आतले दृश्य पाहून परत फिरे, असे सांगतात. बालपणीचे मित्र आपापल्या तळघरातल्या बाटल्या आणून देत. पाश्चर तळाचा थेंब काचेवर घेई. कडू वाइनमध्ये एका प्रकारचे धागे, बुळबुळीत वाइनमध्ये मण्यांच्या माळेसारखे जीव, आंबट वाइनमध्ये आणखी तिसरेच. घोट न घेताही कुठल्या बाटलीला कोणते दुखणे आहे हे तो सांगू लागला.

लाल वाइन म्हणजे नेमके काय, तेही इथे पाहायला हवे. काळे द्राक्ष सोलले तर बहुतेक जातींत आतला गर फिका, जवळजवळ रंगहीन निघतो. रंग असतो सालीत. म्हणून लाल वाइन करताना रस सालीबियांसकट आंबवतात. तयार होणारे अल्कोहोल सालीतला रंग आणि टॅनिन ओढून घेते. लाल वाइनच्या घोटानंतर जिभेला जो तुरटपणा येतो, कडक चहाने किंवा जांभळाने येतो तसा, तो या टॅनिनचा. पाश्चरने लाल वाइन काचेच्या नळ्यांत बंद करून ठेवली, काही नळ्या काठोकाठ भरून, काहींत हवा ठेवून. हवेच्या नळ्यांत रंग उतरला, तळाशी गाळ बसला, चव जुन्या वाइनसारखी झाली. बिनहवेची होती तशीच राहिली. लाकडी पिंपातून हळूहळू झिरपणारा ऑक्सिजन वाइनला मुरवतो आणि तोच एकदम मिळाला तर बिघडवतो, हे यातून कळले.

दुखण्यावर उपाय काय? औषधे टाकून पाहिली, जमले नाही. मग उष्णता. बंद बाटलीतली वाइन ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत थोडा वेळ तापवली की तिच्यातले उपद्रवी जीव मरत आणि वाइन टिके. १८६५ मध्ये पाश्चरने याचे पेटंट घेतले आणि नंतर ते सर्वांना खुले केले. तापवून टिकवण्याची कल्पना अगदी नवी होती असे नाही. निकोला आपेर याने डबाबंद अन्नासाठी ती आधीच वापरली होती, आणि पहिला मान कुणाचा यावर पाश्चरचे भांडणही झाले. भांडणात तो कधी मागे हटणारा नव्हता. पण तापवल्याने नेमके का टिकते, हे मात्र त्याच्याआधी कुणी दाखवले नव्हते.

वाइनवाल्यांची खरी हरकत निराळी होती. तापवली की चव गेली, असे ते म्हणत. पाश्चरने पॅरिसच्या घाऊक व्यापाऱ्यांच्या समितीला तापवलेली आणि न तापवलेली अशी दोन्ही चाखायला दिली. सुरुवातीला त्यांना फरक जाणवे, तोही कधी या बाजूने तर कधी त्या. मग पाश्चरने एक छोटा सापळा लावला. दोन्ही ग्लासांत एकच वाइन ठेवली. जाणकारांना त्यातही फरक लागला. फरक असलाच तर इतका थोडा आहे की बहुतेक ग्राहकांना तो कळणार नाही, आणि त्यात कल्पनेचाही वाटा आहे, असे अखेर समितीने मान्य केले. औषधांच्या चाचणीत रुग्णाला कुठली गोळी खरी हे कळू देत नाहीत, त्यामागचे तत्त्व हेच. बाटलीवरचे लेबल आणि किंमत आधी पाहून घोट घेणाऱ्याने ही समिती जरूर आठवावी. पुढे नौदलाने ‘ज्याँ बार’ या जहाजावर दोन्ही प्रकारची वाइन चढवली. काही महिन्यांनी तापवलेली नितळ राहिली होती, दुसरी आंबटपणाकडे झुकली होती.

१८६६ मध्ये पाश्चरचे वाइनवरचे पुस्तक निघाले. त्यात वाइनला अत्यंत आरोग्यदायी पेय ठरवणारे एक विधान आहे आणि जगभरच्या जाहिरातींनी ते उचलले आहे. ते कोणत्या घरातून आले ते मात्र जाहिराती सांगत नाहीत. मोठी मुलगी जान १८५९ मध्ये आर्ब्वातच टायफॉइडने गेली. दोन वर्षांची कामी १८६५ मध्ये गेली. आणि ज्या वर्षी पुस्तक निघाले त्याच वर्षी बारा वर्षांची सेसिल टायफॉइडने गेली. पाच मुलांपैकी दोनच उरली. टायफॉइड आणि कॉलरा पाण्यातून घरात शिरत होते, नळाचे शुद्ध पाणी नव्हते. अशा काळात आंबट आणि अल्कोहोल असलेले पेय पाण्यापेक्षा निर्धोक वाटणे साहजिक होते.

आज तुलना गढूळ पाण्याशी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्यांना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले, आणि अल्कोहोलची कुठलीही मात्रा आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. लाल वाइनमधल्या रेस्व्हेराट्रॉलचा गाजावाजा होतो. पण लिटरभर वाइनमध्ये ते काही मिलिग्रॅमच असते, आणि प्रयोगांत वापरलेल्या मात्रा त्याच्या कैकपट असतात. हृदयासाठी म्हणून रोज ग्लासभर घेणाऱ्याला पाश्चरचा आधार घेता येणार नाही. द्राक्षाच्या सालीतले गुण हवे असतील तर साल न सोलता द्राक्ष खावे.

१८६८ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पाश्चरला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू कायमची अधू झाली. यापुढचे सारे नाजूक प्रयोग सहकाऱ्यांच्या हातांनी झाले.

आणि तरी द्राक्ष सुटले नाही. १८७८ मध्ये थोर शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार वारले. त्यांच्या कागदांत टिपणे सापडली: दारू होण्यासाठी जिवंत यीस्ट लागत नाही, पिकलेल्या द्राक्षातच ते सामर्थ्य असते. बेर्नार हे पाश्चरचे मित्र. मृत मित्राशी वाद घालणे अवघड, पण गप्प बसणे त्याला त्याहून अवघड. आर्ब्वाजवळ त्याची स्वतःची छोटी द्राक्षबाग होती. घड अजून कच्चे असताना त्याने काही वेलींवर काचेची घरे उभी केली आणि आतले काही घड निर्जंतुक कापसात गुंडाळले. यीस्ट द्राक्षाच्या आत नसते, पिकण्याच्या सुमारास बाहेरून सालीवर आणि देठावर येऊन बसते, असा त्याचा अंदाज होता. ऑक्टोबरमध्ये उघड्यावरचे घड चिरडले, रस फसफसू लागला. काचघरातले कापसातले घड चिरडले, रस तसाच गोड राहिला. मग ते घड पॅरिसच्या अकादमीला दाखवायला न्यायचे ठरले. सालीला काही लागू नये म्हणून पाश्चरची पत्नी आणि मुलगी रेल्वेच्या सबंध प्रवासात ते उभे धरून बसल्या.

निर्दोष द्राक्षावर वाइनचे खास यीस्ट फारच थोडे असते, गांधीलमाश्याही त्याची ने-आण करतात, हे आता माहीत झाले आहे. बहुतेक वाइनरी नशिबावर न सोडता तयार यीस्टच टाकतात आणि टाक्या थंड ठेवतात. आपल्याकडे वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये खुडली जातात, पुढे ऊन चढत जाते, म्हणून इथे ते जास्तच जपावे लागते.

वाइनला जर तिच्या प्रत्येक दुखण्याचा स्वतंत्र जंतू असतो, तर जनावराला आणि माणसाला का नसावा, हा प्रश्न पाश्चरने आपल्या पुढच्या आयुष्यभर लावून धरला. १८८१ मध्ये मेंढ्यांना काळपुळीची लस. ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला पहिली सुई. १८८८ मध्ये लोकवर्गणीतून पॅरिसची पाश्चर संस्था. २८ सप्टेंबर १८९५ रोजी तो वारला.

त्यानंतर दोन वर्षांच्या आत दोन गोष्टी घडल्या. जर्मनीत एडुआर्ड बुखनरने यीस्ट कुटून गाळले आणि पेशीविना, नुसत्या रसानेही साखरेची दारू होते हे दाखवले. म्हणजे काम विकराचे, आणि बेर्नारच्या टिपणांतही काही तथ्य होते. विकर बनवणारी पेशी मात्र पाश्चरने दाखवली तीच. दुसरी गोष्ट मुंबईतली. पाश्चर संस्थेत काम शिकलेल्या वाल्देमार हाफकिनने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळला त्याच्या नावाची संस्था झाली.