पहिले सालारजंग

मीर तुराब अली खान ऊर्फ पहिले सालारजंग (२१ जानेवारी १८२९ – ८ फेब्रुवारी १८८३) हे हैदराबाद संस्थानाचे दिवाण होते. नासिरुद्दौला, अफजलुद्दौला आणि महबूब अली खान या तीन निजामांच्या कारकिर्दीत, १८५३ पासून मृत्यूपर्यंत सुमारे तीस वर्षे, संस्थानाचा कारभार त्यांच्या हाती होता. १८६९ नंतर, निजाम अल्पवयीन असल्यामुळे, त्यांनी राजप्रतिनिधी म्हणून राज्य चालविले. आजच्या मराठवाड्यातील जिल्हा प्रशासनाची घडी मुख्यतः त्यांच्या काळात बसली.

पूर्वजीवन

सालारजंग यांचा जन्म विजापूर येथे झाला. त्यांच्या घराण्यात दिवाणपद पूर्वीपासून होते. मीर आलम व मुनीर-उल-मुल्क हे त्यांचे पूर्वज निजामाचे दिवाण होते. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने त्यांचे संगोपन आजोबा व नंतर चुलते सिराज-उल-मुल्क यांच्या देखरेखीखाली झाले. सिराज-उल-मुल्क दिवाण असताना संस्थान कर्जात बुडालेले होते. कंपनी सरकारच्या फौजेचा खर्च थकल्यामुळे मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दोआब हे प्रांत कंपनीच्या ताब्यात द्यावे लागले. त्यानंतर काही दिवसांतच सिराज-उल-मुल्क वारले आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी सालारजंग दिवाण झाले.

१८५७ चा उठाव

दिवाणाची नेमणूक निजाम करीत असे, परंतु इंग्रज रेसिडेंटचा विश्वास नसेल तर ती टिकत नसे. सालारजंगांच्या कारकिर्दीवर या दुहेरी बंधनाचा ठसा आहे. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान व मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. सालारजंगांनी इंग्रजांची बाजू घेतली आणि उठाव मोडला गेला. यामुळे संस्थान वाचले असे त्यांचे चाहते मानतात, तर स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात हीच गोष्ट त्यांच्याविरुद्ध नोंदली जाते. शहरातील रोषही मोठा होता. १८५९ व १८६८ मध्ये त्यांच्या जीवावर हल्ले झाले. १८६० च्या तहाने इंग्रजांनी धाराशिव व रायचूर दोआब परत केले, सुरपूरचा प्रदेश दिला आणि ५० लाख रुपयांचे कर्ज माफ केले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले.

जिल्हाबंदी

सालारजंगांच्या आधी महसूल वसुलीचा मक्ता दिला जाई. मक्तेदार सरकारला ठरलेली रक्कम भरून रयतेकडून जमेल तितके वसूल करी. अनेक तालुके अरब जमादार व सावकारांकडे गहाण पडले होते. सालारजंगांनी हे तालुके हळूहळू सोडविले आणि १८६५ मध्ये जिल्हाबंदी लागू केली. संस्थानाचे विभाग, जिल्हे व तालुके पाडण्यात आले. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार आणि तालुक्यावर तहसीलदार असे पगारी अधिकारी नेमले गेले. वंशपरंपरागत देशमुख व देशपांडे यांच्याकडील वसुलीचे काम काढून घेण्यात आले व त्या बदल्यात त्यांना रुसूम बांधून देण्यात आला. परभणी जिल्हा याच व्यवस्थेत आकाराला आला. परभणी–जिंतूर रस्त्यावरील झरीसारख्या गावांचा सरकारशी संबंध आता मक्तेदाराऐवजी पगारी कचेरीमार्फत येऊ लागला. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी व सारा आकारणीही सुरू झाली.

न्यायालये, पोलीस व टाकसाळ यांचीही पुनर्रचना झाली. हाली सिक्का हे संस्थानाचे प्रमाण नाणे ठरले. हैदराबादेत दारुल उलूम ही शिक्षणसंस्था निघाली. १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद लोहमार्ग सुरू झाला. नव्या खात्यांसाठी त्यांनी मोहसिन-उल-मुल्क, सय्यद हुसेन बिलग्रामी यांसारखे जाणकार उत्तर हिंदुस्थानातून आणले. स्थानिक मुलकी व बाहेरचे गैरमुलकी हा संस्थानातील पुढील काळचा वाद या धोरणातून वाढला.

राजप्रतिनिधित्व व वऱ्हाडचा प्रश्न

फेब्रुवारी १८६९ मध्ये अफजलुद्दौला मरण पावले. त्यांचे पुत्र महबूब अली खान तेव्हा तीन वर्षांचेही नव्हते. सालारजंग आणि अमीर-ए-कबीर शम्स-उल-उमरा यांनी संयुक्तपणे राजप्रतिनिधी म्हणून सूत्रे हाती घेतली. अल्पवयीन धन्याचे राज्य अखंड त्याच्या स्वाधीन करायचे, तर वऱ्हाड परत मिळविणे आपले कर्तव्य आहे, असे सालारजंग मानत. फौजेच्या खर्चासाठी रोख ठेव देण्याची त्यांची तयारी होती, पण कलकत्ता व लंडन या दोन्ही ठिकाणी त्यांच्या मागण्या फेटाळल्या गेल्या. १८७६ मध्ये ते इंग्लंडला गेले. वाटेत पॅरिसमध्ये पडून त्यांच्या पायाचे हाड मोडले. लंडनमध्ये त्यांचा सन्मान झाला, ऑक्सफर्ड विद्यापीठाने मानद पदवी दिली. वऱ्हाड मिळाले नाही. या आग्रहाने सरकारची मर्जी खप्पा झाली. १८७७ मध्ये अमीर-ए-कबीर वारल्यावर सालारजंगांच्या इच्छेविरुद्ध विकार-उल-उमरा यांना सहप्रतिनिधी नेमण्यात आले. १८५७ मध्ये इंग्रजांना सर्वांत उपयोगी पडलेल्या दिवाणाला वीस वर्षांनी आपला सहकारीही निवडता आला नाही.

मृत्यू व वारसा

१८८१ मध्ये विकार-उल-उमरा वारल्यानंतर सालारजंग एकटेच राजप्रतिनिधी राहिले. तरुण निजामाच्या युरोप प्रवासाची तयारी सुरू असतानाच ८ फेब्रुवारी १८८३ रोजी पटकीने त्यांचे निधन झाले. ज्याच्या नावाने चौदा वर्षे राज्य राखले, त्याच्या हाती अधिकार आलेले त्यांना पाहता आले नाहीत. महबूब अली खान यांना ते फेब्रुवारी १८८४ मध्ये मिळाले. सालारजंगांचे पुत्र मीर लायक अली खान पुढे दिवाण झाले. १९०२ मध्ये वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना देण्यात आले.

रोममध्ये १८७६ साली त्यांनी विकत घेतलेला बुरखाधारी रिबेकाचा संगमरवरी पुतळा हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात आहे. तेथील बहुतांश संग्रह मात्र त्यांचे नातू तिसरे सालारजंग यांनी जमविलेला आहे. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये संपले आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, तरी जिल्हा, तालुका व तहसील ही कारभाराची चौकट कायम राहिली.